सुपारी बांधलेला लाल ब्लाउजपीस

ये गं, अशी जवळ ये. आणि तो फोन आधी पालथा घाल. माणूस बोलत असताना एक डोळा तिकडे ठेवायची ही कुठली पद्धत? तू इथं नाहीस हे मला ठाऊक आहे, पण कागदावर का होईना, तुला शेजारी बसवल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुझं हॉस्टेल बेटाच्या त्या टोकाला आणि आपलं टॅम्पिनीस या टोकाला, पण मध्ये एमआरटीची लाइन एकच. गाडीसुद्धा बदलायची नाही. झोपलीस तर झोप, फार तर पासिर रिसला जाऊन उठशील आणि एक स्टेशन मागे येशील. तरी तुझं येणं होत नाही. ‘आजी, प्रोजेक्ट आहे. आजी, टेस्ट आहे.’ अगं, मी तुझ्या बापाला वाढवलंय. मला नको शिकवूस प्रोजेक्ट.

का येत नाहीस ते मला माहीत आहे. त्या सोमवारी मॅच संपता संपता तू आजोबांना म्हणालीस, ‘आंधळे आहात का?’ आणि पुढे काही आठवड्यांनी बाबानं तुला फोनवर सांगितलं, आजोबांना काचबिंदू निघालाय, डाव्या बाजूचं बरंच गेलंय. तेव्हापासून आपली बाई गायब. लाज वाटतेय तुला. वाटू दे, वाटणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण तुला जे माहीत आहे ते अर्धंच आहे, आणि अर्धं बघून निकाल द्यायचा नाही हे या घरात तूच शिकवलंस. म्हणून सगळं सांगते. मध्ये मध्ये दमेन, तेव्हा थांबेन. हल्ली मी फार दमते.

आपल्या घरात क्रिकेट सोडून हा अमेरिकन फुटबॉल कसा आला, हे तुझ्या मैत्रिणी विचारायच्या. आजोबांनी आणला, बोटीवरून. तेव्हा ते चीफ इंजिनियर होते. अमेरिकेतल्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीला बरेच दिवस अडकली होती. तिथल्या वर्कशॉपचा माणूस त्यांना मॅच बघायला घेऊन गेला. घरी आले ते ती निळी टोपी घालूनच. मला म्हणाले, “अगं, हा खेळ इंजिनरूमसारखा आहे. जरा चालतं, बंद होतं. सगळे जमतात, काय बिघडलं ते बघतात, पुन्हा चालू करतात.” मी म्हटलं, “मग बोटीवर कंटाळलात ते कमी होतं?” तर हसले. पण तेव्हापासून त्या बंदराच्या गावची निळी टीम ती आमची टीम. ती हरते. वर्षानुवर्षं हरते. पण ते सोडत नाहीत.

तिकडे रविवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ. तुझी आई ऑफिसला गेलेली, बाबा पलीकडच्या खोलीत लॅपटॉपवर, कानाला हेडफोन लावून आपण कामात आहोत असं दाखवणारा आणि प्रत्येक आरोळीला दार किलकिलं करणारा. सोफ्यावर आजोबा, त्यांच्या डाव्या हाताला तू, आणि मी खुर्चीत भाजी निवडत. तू मुद्दाम हिरव्या टीमची झालीस, केवळ आजोबांना डिवचायला. शाळेत असल्यापासूनची ही आपली बैठक.

मला त्यातलं काही कळायचं नाही. दिसायचे ते फक्त रुमाल. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले अंपायर चूक दिसली की पिवळा रुमाल फेकायचे. एखाद्या टीमच्या गुरुजींना अंपायरचा निर्णय पटला नाही की ते लाल रुमाल फेकायचे. मी म्हटलं, “पिवळा काय, लाल काय, मैदानात हळदीकुंकू चाललंय की!” तू हसून लोळलीस, आठवतंय? आणि उठून माझं कपाट उघडलंस. हळदीकुंकवाला जमलेले ब्लाउजपीस. कुणी दिलेले, कुणाला द्यायचे, कुणी कधी शिवत नाही, नुसते या घरातून त्या घरात फिरतात. त्यातला एक लाल काढलास, म्हणालीस, “हा आपला चॅलेंज फ्लॅग.” तो हवेत जाईना, तिथल्या तिथे पडायचा. मग मीच त्याच्या एका कोपऱ्यात सुपारी बांधून दिली. काय झकास जायचा मग! ओटीची सुपारी आणि ओटीचा कपडा, देवी बघत असेल तर कपाळाला हात लावत असेल.

नियमही तूच केलास. ज्याला दुसऱ्याचं म्हणणं पटत नाही त्यानं ब्लाउजपीस फेकायचा आणि सगळ्यांनी टीव्हीवर पुन्हा बघायचं. फेकणारा चुकला तर त्याचा दुसरा चहा गेला. हळूहळू मॅच सोडून बाकीच्या भांडणांतही तो यायला लागला. आमटीत मीठ कमी आहे की नाही यावर तुझ्या बापानं एकदा फेकला आणि चहा घालवून बसला.

आणि ते तीन निकाल तू मला समजावलेस. अंपायर पडद्यावर पुन्हा बघतो, लांब कुठल्या ऑफिसात बसलेले लोकही बघतात. मग तो माइकवर सांगतो. चूक झाली होती असं स्पष्ट दिसलं तर निर्णय उलटला. बरोबर होतं असं स्पष्ट दिसलं तर निर्णय पक्का. आणि काहीच स्पष्ट दिसलं नाही तर निर्णय कायम. मी म्हटलं, पक्का आणि कायम एकच की. तू इथल्या पोरांसारखा ‘लाह’ लावून म्हणालीस, “नाही लाह आजी! पक्का म्हणजे आम्हाला दिसलं. कायम म्हणजे आम्हाला दिसलं नाही, म्हणून पहिल्यांदा जे बोललो तेच चालू ठेवतोय.” मला ते फार आवडलं. माझ्या संसारातले किती निर्णय नुसते कायम होते, पक्के नव्हते, ते मग मी भाजी निवडता निवडता आठवत बसले.

आजोबांना मात्र हे पुन्हा बघणंच आवडायचं नाही. आधी आवडायचं, नंतर नंतर नाही. म्हणायचे, “मैदानात उभा असलेला माणूस सांगतोय. त्यानं डोळ्यांनी बघितलं. आणि कुठल्या तरी एसी ऑफिसात कॉफी पीत बसलेला त्याचं उलटवतो! आमच्याही ऑफिसातून असेच मेसेज यायचे. इंजिन माझ्यासमोर आहे आणि मला काय ऐकू येतं ते हे किनाऱ्यावरून सांगणार.” तू म्हणायचीस, “आजोबा, कॅमेरा इज कॅमेरा.” ते म्हणायचे, “हळू करून दाखवलं की प्रत्येक माणूस चोर दिसतो.” यात मला त्यांचं पटायचं. मी एकदा बाबाच्या लग्नाचा व्हिडिओ हळू करून बघितला, तर तुझी आई प्रत्येक पाहुण्याकडे रागानं बघत होती. तसं काही नव्हतं गं. तिच्या फक्त पापण्या लवत होत्या.

त्या वर्षी काय काय चाललं होतं ते आता माझ्या ध्यानात येतं. लिटिल इंडियात भाजीवाल्याच्या दारात त्यांच्या कोपरानं शेवग्याच्या शेंगांची टोपली पाडली. सगळ्या शेंगा फुटपाथवर. मी वाकून गोळा करतेय आणि हे वर उभे राहून त्यालाच सांगतायत, “रस्त्यात कशाला ठेवता?” आपल्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये जेवण पोचवणाऱ्या पोराच्या सायकलला धडकले, तर चूक सायकलची. टीपॉयचा कोपरा मांडीला लागला, तर टीपॉय कुणी सरकवला? घरात रोज एक अंपायर चुकत होता. मला वाटलं, म्हातारपण आलं, चिडका झालाय माणूस. आणि तुझ्याकडे बघायचं असलं की ते अख्खी मान वळवायचे. मला वाटायचं, नातीचं कौतुक.

मग तो सोमवार. निळे आणि हिरवे समोरासमोर, म्हणजे आजोबा आणि तू. सीझनचा शेवट, हरणारा घरी जाणार. अगदी शेवटाला निळ्यांनी लांब कोपऱ्यात चेंडू फेकला. त्यांच्या पोरानं उडी मारून धरला, दोन्ही पाय रेषेच्या आत टेकले आणि तो धाडकन आडवा झाला. अंपायरनं दोन्ही हात वर केले, म्हणजे निळे जिंकले. आजोबा सोफ्यावरून उठले! गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं कोण जाणे. मी देवापुढे साखर ठेवायला निघाले, तर तू ओरडलीस, “आजी, थांब! रिव्ह्यू!”

किती वेळ बघत होते ते. या बाजूनं, त्या बाजूनं, वरून, खालून. एका बाजूनं दिसायचं, चेंडू छातीशी घट्ट आहे. दुसऱ्या बाजूनं वाटायचं, पडताना जमिनीला लागून हलला, म्हणजे धरलाच नाही. टीव्हीवर बोलणारे दोघेही आपसात भांडायला लागले. मी डब्यात चमचा घालून उभीच. आणि मग अंपायर माइकवर आला आणि म्हणाला, निर्णय उलटला. संपलं. स्टेडियममधले लोक असे ओरडले की बाबा हेडफोन काढून बाहेर आला.

तू नाचत होतीस. आणि आजोबा म्हणाले, “पण त्याला पाडलं कुणी? एकटाच पडला ना तो. एकटा पडला म्हणजे आधी धरला होता, मग पडला.”

“एकटा?” तू म्हणालीस. “आजोबा, तो हिरवा येऊन आपटला ना त्याच्यावर!”

“कुठला हिरवा?”

“डावीकडून आला तो! परत दाखवतायत, बघा. हा! एवढा मोठा! आंधळे आहात का?”

बाबा हसला. तू हसलीस. हरलेल्या माणसाचं रडगाणं समजून मीही हसणारच होते. पण ‘कुठला हिरवा’ हे त्यांनी भांडायच्या आवाजात म्हटलं नव्हतं. त्यांनी खरंच विचारलं होतं. पन्नासेक वर्षांत आवाजातला एवढा फरक बायकोला कळतो. ते हळूच खाली बसले, बसताना हातानं सोफा चाचपून. तुला म्हणाले, “जा तू आता, तुझं लेक्चर असेल.” तू पिशवी उचलून गेलीस. ते रागावलेत असं तुला वाटलं. ते रागावले नव्हते बाळ. घाबरले होते.

त्यानंतर मी मागे लागले, डोळे दाखवू या. रोज. पोहे खाताना, पार्कात फिरताना, झोपताना. माझी मीच कंटाळले माझ्या आवाजाला. ते काय म्हणायचे माहीत आहे? “पुरावा नाही. निर्णय कायम.” तुझाच नियम माझ्यावर. चष्मा जुना झालाय, टीव्ही जुना झालाय, लाइट कमी आहे. मी म्हटलं, “आणि तो हिरवा?” तर म्हणाले, “माझं लक्ष चेंडूवर होतं.” इतकं थकायला होतं माणसाला, समजावता समजावता. बाबा म्हणायचा, “आई, सोड, त्यांना वाटेल तेव्हा जातील.” वाटेल तेव्हा! यांची वाट बघत मी बोटीवरच्या फेऱ्यांच्या फेऱ्या काढल्यात.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. ते सोफ्यावर त्यांच्या जागी, टीव्ही बंद. मी पुन्हा काढलं, ते पुन्हा म्हणाले, पुरावा नाही. माझं डोकं फिरलं. कपाटातून तो लाल ब्लाउजपीस काढला, म्हटलं, “आज मी चॅलेंज करणार आहे.” त्यांना गंमत वाटली. हात बांधून, समोर बघत बसले. म्हणाले, “कर की. हरलीस तर आठवडाभर मला दुसरा चहा.”

मी फेकला. सोफ्यावरच पडला, त्यांच्या डाव्या गुडघ्याशी. आवाज झाला नाही, सुपारी गादीत रुतली.

ते तसेच बसून. मी तशीच उभी.

“फेक की,” ते म्हणाले. “नुसती धमकी काय देतेस?”

एवढा लालभडक कपडा गं. देवीच्या ओटीतला लाल.

“अगं, फेक ना!”

“अहो,” मी म्हटलं, “टाकलाय. तुमच्या डाव्या गुडघ्याशी आहे.”

त्यांनी मान वळवली नाही. हात खाली नेला आणि चाचपत चाचपत आणला. कपडा हाताला लागला तसे थांबले. सुपारीची गाठ बोटांनी दाबून बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या जाऊ.” बस, एवढंच. मी आत जाऊन त्यांना दुसरा चहा केला. चॅलेंज मी जिंकले होते, तरी केला. माझा माझ्याच्यानं पिववला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक मशीन असतं. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकायची, समोर बघायचं आणि कडेला कुठं बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर काचेतून बघत होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटण वाजत होतं. डाव्याच्या वेळी मशीन चालू होतं आणि यांचा अंगठा नुसता तयार, वाट बघत. बाहेर आले आणि पोरसवदा डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “तुमचं मशीन बिघडलंय. मी चीफ इंजिनियर होतो, मला मशीन कळतं.” ती बिचारी हसली नाही. म्हणाली, “ओके अंकल, पुन्हा करू या.” पुन्हा केलं. तेच आलं.

मग तिनं समजावलं. डावा बाजूबाजूनं गेलाय, उजव्याचीही नाकाकडची कड झिजायला लागलीय. मधलं अजून शाबूत आहे. गेलेलं परत येत नाही. थेंब नेमानं घातले आणि वेळेवर तपासत राहिलात तर आहे ते पुष्कळ टिकेल. यांनी विचारलं, “मग माझ्या इतके दिवसांत लक्षात कसं नाही आलं?” ती म्हणाली, “अंकल, जे दिसत नाही ते दिसत नाहीये, हे कसं दिसणार? बाकीचं मेंदू भरून टाकतो.”

एमआरटीत मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. दोन-तीन स्टेशनं गेली. मग ते समोर बघत म्हणाले, “पक्का.” मी म्हटलं, “काय?” म्हणाले, “कायम नाही. पक्का. त्यांनी दोनदा बघितलं.”

आणि मग, गाडी टॅम्पिनीसला येता येता, हसल्यासारखं करून म्हणाले, “पोरीनं डॉक्टरच्या आधी सांगितलं होतं.”

हे तुला बाबानं सांगितलेलं नाही. त्याला माहीतच नाही, तो गाडीत नव्हता.

आता घरात थेंब आहेत. सकाळी घालायचे, रात्री घालायचे. त्यांच्या हातानं नीट पडत नाहीत, गालावर जातात, म्हणून मी घालते. पापणी ओढून धरायची, “वर बघा, वर, छताकडे, माझ्याकडे नको.” ते माझ्याकडेच बघतात. रोज तेच. कंटाळा येतो गं, खोटं कशाला बोलू? कधी कधी हातात बाटली घेऊन मी मोरीपाशी उगाच उभी राहते. पण ते मान मागे टाकून बसून राहतात, लहान मुलासारखं तोंड उघडं ठेवून. मग जाते.

आणि सोमवार. नवा सीझन चालू झाला, निळे नेहमीप्रमाणे हरतायत. सोफा आम्ही मागे सरकवला, म्हणजे टीव्ही लहान होऊन मधोमध मावतो. कडांचं सांगायचं काम माझं. मी सांगते, “डावीकडून एक जाडा येतोय.” ते म्हणतात, “सगळेच जाडे आहेत. नंबर सांग.” मी नंबर शोधेपर्यंत जाड्यानं ज्याला आपटायचं त्याला आपटलेलं असतं. मला जमत नाही. त्यांच्या डोळ्यांचं पाणी पुसू की भाजी बघू की जाडे मोजू? परवा तर मी अंपायरलाच खेळाडू समजून त्याचा नंबर सांगितला. आजोबा म्हणाले, “त्याच्याकडे नको बघूस, त्याला आधीच फार लोक बघतात.” अंपायरवर ते पूर्वीसारखे ओरडत नाहीत, हेही तुला सांगायचं होतं. परवाच निळ्यांच्या विरुद्ध निर्णय गेला, बाबा आतून ओरडत आला, आणि हे म्हणाले, “जाऊ दे रे. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं सांगितलं.” तुझा तो मागचा निर्णय मात्र चुकीचाच होता असं अजून म्हणतात. चेंडू हलला नव्हता. यात मी त्यांच्या बाजूची आहे, उगाच खूश होऊ नकोस.

त्याच दिवशी आणखी एक झालं. अंपायर पडद्यावर पुन्हा बघत होता, मैदानात सगळं थांबलेलं. यांनी सवयीनं मान वळवली, डावीकडे, पूर्ण, आणि विचारलं, “काय वाटतं गं तुला?”

तुझ्या जागेवर उशी होती. त्यांनी उशीकडे बघितलं, अगदी नीट, कारण मान वळवली की मधलं त्यांना स्वच्छ दिसतं. मग पुन्हा टीव्हीकडे वळले. मी म्हटलं, “फोन लावून देऊ?” तर म्हणाले, “नको. आपण बोलावलं तर येईल बिचारी, पण मान खाली घालून बसेल. मला तिचं तोंड बघायचंय.”

म्हणून ते बोलावत नाहीत. मी बोलावते. मला मान-अपमान काही राहिलेला नाही, मी फार दमलेय. तू आंधळे म्हणालीस त्याचा निकाल लागलाय, पक्का लागलाय, आणि तो तुझ्या बाजूनं लागलाय. त्याची लाज धरून हॉस्टेलवर बसायचं काही कारण नाही. ब्लाउजपीस धुऊन इस्त्री करून ठेवलाय. सुपारी नवी बांधलीय, जुनीला कीड लागली होती.

ये बाळ. पुढच्या सोमवारीच ये, पहिल्या गाडीनं नाही जमलं तर दुसरीनं. त्यांच्या डाव्या हाताला बस आणि डावीकडून कोण येतोय ते तू सांग, तुला नंबर पटकन दिसतात. मी जरा वेळ भाजी निवडते.